पालख्या येण्याआधी ते पांढरे बल्ब उतरवा

भातसानगर, शहापूर, किन्हवली आणि मुरबाडकडच्या मोटरसायकलवाल्यांनो,

रामनवमीला शिर्डी गाठायची म्हणून मुंबईहून साईबाबांच्या पालख्या निघतील आणि शहापूर तालुक्यातून, आसनगाव-आटगाव-खर्डी करत कसारा घाट चढतील. ऊन टाळायला ही माणसं पहाटेच्या अंधारात आणि दिवस मावळल्यावर चालतात. याच दिवसांत आपल्याकडे हळदी आहेत, वीटभट्टीवरची कुटुंबं बाजार करून रात्री पायी परततात, शेवटच्या लोकलने उतरलेले गाडीला किक मारून गावाकडे निघतात. सगळे एकाच काळोख्या रस्त्यावर. म्हणून घाई करतोय. हेडलाइटमध्ये नंतर बसवून घेतलेला एलईडी किंवा शंभर वॅटचा बल्ब असेल, तर तो याच आठवड्यात काढा.

तो बल्ब का लावावासा वाटतो, हे मला ठाऊक आहे. मीही लावला होता. आपल्या रस्त्यांवर रात्री खड्डा दिसत नाही, वळणावर बसलेली म्हैस दिसत नाही, ही तक्रार खरीच आहे. नवा बल्ब पेटला, झाडांचे शेंडे उजळले आणि मला फार बरं वाटलं. मग एका पहाटे पहिली लोकल गाठायला निघालो असताना तसाच दिवा समोरून आला. तो गेला आणि माझ्यापुढे नुसता काळोख. ब्रेक लागला तेव्हा पाण्याला निघालेल्या दोन बायका पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर होत्या, डोक्यावर रिकामे हंडे. माझ्या दिव्याने त्यांचेही डोळे दिपले होते, रस्त्याची कड कुठे आहे हे त्यांना कळेना. एवढं मोठं भातसा धरण उशाशी असून आपल्या बायका पहाटे पाण्यासाठी रस्त्याने चालतात. त्यांच्या डोळ्यांत आपण हा उजेड मारतो.

डोळे दिपले की पुन्हा नीट दिसायला काही सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे साडेसोळा मीटर पुढे जाते. तीन सेकंदांत ५० मीटर, आणि तेवढा वेळ चालवणारा आंधळा.

बल्ब बदलल्यावर बिघडतं काय, तेही समजून घ्या. एच-४ जातीच्या हॅलोजनमध्ये दोन तारा असतात. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावरून झोत परततो आणि रस्त्यावर खाली पडतो. रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेची जागा धरूनच घडवलेला असतो. स्वस्त एलईडीत ही जागा चुकते, मग डिप्पर दाबला तरी झोत समोरच्याच्या तोंडावर. पावसात, भट्टीच्या धुरात हाच उजेड उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

वॅट वाढवणं त्याहून धोक्याचं. पुष्कळ लहान मोटरसायकलींत ३५ वॅटचा बल्ब असतो, तो साधारण तीन अँपिअर ओढतो. शंभर वॅटचा आठाच्या वर ओढतो, आणि त्याच बारीक वायरीत उष्णता सुमारे आठपट होते. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर काळवंडतो, आणि मग भर वळणावर दिवा विझतो.

कायदाही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की झोत कायम खाली वळलेला हवा, आठ मीटरवर उभ्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. गाडीत बेकायदा बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाच्या भीतीने नको, त्या बायकांसाठी काढा.

उजेड कमीच पडत असेल तर आधी काच बघा, ती पिवळी पडलेली असते. काच-रिफ्लेक्टर बदला, अर्थिंग घट्ट करून घ्या, कंपनीने सांगितलेल्याच वॅटचा चांगला बल्ब घाला. मग गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा, वर बसा, दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीला खडूची खूण करा. डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या खुणेच्या चार बोटं खाली हवी. डबलसीट बसल्यावर गाडीचं तोंड वर उठतं, म्हणून मागे माणूस बसवूनही बघा. आणि समोरून कोणी दिसलं की डिप्पर द्या, पायी चालणारा असला तरी. १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांचा दिवा बंद होत नाही, पण अप्पर-डिप्परचं बटण तुमच्याच अंगठ्याखाली आहे.

गॅरेजवाल्या दादांनो, गिऱ्हाईक हट्ट करेल, तरी नाही म्हणा. ट्रॅक्टर-बैलगाडीवाल्यांनो, मागे लाल चमकपट्टी लावा.

येत्या रविवारी दिवस मावळल्यावर भातसानगरला माझ्या कुंपणाच्या भिंतीवर खूण केलेली असेल, पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे आहेत. जुना बल्ब सोबत घेऊन या, तिथेच बदलून देतो.