आधी कागद छापा

'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक 1878च्या जानेवारीत पुण्यात निघाले, तेव्हा मराठ्यांचा इतिहास म्हटला की लोक ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या 1826च्या ग्रंथाकडे बोट दाखवत. त्यातल्या चुका नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी दहाएक वर्षे आधीच दाखवल्या होत्या. पण चूक दाखवणे वेगळे आणि पुरावा वाचकाच्या हाती देणे वेगळे. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी हे दुसरे काम अंगावर घेतले. डफला उत्तर म्हणून जाडजूड ग्रंथ लिहीत न बसता त्यांनी दरमहा बखरी, पत्रे, याद्या छापायला घेतल्या आणि जोडीला संस्कृत-मराठी काव्य. आज या मासिकाची आठवण निघालीच, तर स्वाभिमानाच्या भाषणात निघते. माझ्या मते त्याने मागे ठेवलेली खरी ठेव बरीच रुक्ष आहे: मत मांडण्याआधी कागद छापायचा.

ही रुक्षता किती कष्टाची, ते एखादे जुने पत्र समोर धरल्यावर कळते. मोडी लिपीची ओळ सलग धावते, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचे. शेवटी 'छ' लिहून चंद्र, म्हणजे चांद्र तारीख, आणि मुसलमानी महिना दिलेला असतो, साल बहुधा नसतेच. मग पत्रात कोण जिवंत आहे, कोणती मोहीम चालू आहे, यावरून साल बसवायचे. एक साल चुकले की अख्खी घटना दुसऱ्या पेशव्याच्या पदरात जाते. अशी पत्रे पुढे पुस्तकरूपाने एकत्र आली, त्यांच्या नावातच 'पत्रे यादी वगैरे' असे आहे. त्या 'वगैरे'त दिखाऊपणा औषधालाही नाही. मासिक 1888पर्यंत चालले. पण वासुदेवशास्त्री खरे, राजवाडे, पारसनीस हे इतिहाससंशोधक पुढे ज्या वाटेने गेले, ती याच दहा वर्षांत मळली होती.

यावर पहिला आक्षेप बखरींचा. त्या रंगवून सांगतात, काळाची सरमिसळ करतात, मग त्या छापून काय साधले? आक्षेप खराच आहे, आणि तो सर्वांत कडक शब्दांत राजवाड्यांनीच घेतला. 1898च्या आपल्या पहिल्या खंडात पानिपताच्या काळची अस्सल पत्रे छापून त्यांनी बखरकारांच्या चुका मोजून दाखवल्या. पण बखर रुमालात बांधलेलीच राहिली असती, तर ती पत्रांशी ताडून कोण पाहणार होते? दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. छापले गेले ते कागद दरबाराचे, सरदारांचे, कारकुनी घराण्यांचे. त्यांत कुणबी दिसतो तो वसुलीच्या आकड्यापुरता, बाई त्याहून कमी. महात्मा फुल्यांनी 1869च्या पोवाड्यात शिवाजी महाराजांकडे शेतकऱ्याच्या ज्या नजरेने पाहिले, ती नजर या संपादकांकडे नव्हती. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र छापलेला कागद छापणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही. कारकुनाने खर्चाच्या हिशेबासाठी केलेली यादी उद्याचा अभ्यासक मजुरी, धान्याचे भाव आणि वेठ शोधण्यासाठी वाचू शकतो. कपाटातल्या कागदाची ती सोय नाही.

लोकांना गोष्ट हवी असते, कागद नको, असेही म्हणतात. कादंबऱ्यांचा खप पाहता ते खोटे नाही. पण वाद पेटला की तेच लोक 'पुरावा दाखवा' म्हणतात, आणि दोन्ही बाजू एकमेकांच्या तोंडावर पुस्तकांची नावे फेकतात. मूळ पान मात्र कोणीच पुढे करत नाही. मोडी शाळेतून जाऊन कित्येक दशके झाली आणि माळ्यावरच्या रुमालांना कसर खाते आहे, हेही त्याचे एक कारण. स्कॅन करून ठेवणे पुरेसे नाही, कारण न वाचता येणारे चित्र पुन्हा तज्ज्ञाच्याच कपाटात जाते. वर्तमानपत्रात अशा वादाची बातमी चार रकाने घेते. त्यातला एक वादातल्या मूळ पत्राच्या छायाचित्राला द्यावा. शेजारी देवनागरी वाचन छापावे, खाली साल कसे बसवले ते दोन ओळींत सांगावे, आणि न लागलेल्या शब्दाच्या जागी सरळ टिंबे द्यावीत.