लोकशाहीच्या क्षमता आणि मोजमापाची भाषा

युरोप परिषदेने 2018 मध्ये लोकशाही संस्कृतीसाठी आवश्यक क्षमतांचा संदर्भ-आराखडा तीन खंडांत प्रसिद्ध केला. तीन मूल्ये, सहा अभिवृत्ती, आठ कौशल्ये आणि ज्ञान व चिकित्सक आकलन यांचे तीन गट, अशा वीस क्षमता त्यात मांडल्या आहेत. सदस्य राष्ट्रांवर तो बंधनकारक नाही. जर्मनीत तर शालेय शिक्षण हा सोळा घटकराज्यांचा विषय. त्यामुळे सामायिक आराखडा प्रत्यक्षात उतरतो तो अनेक भाषांत आणि अनेक अभ्यासक्रमांत विखरूनच.

मूल्यांना क्षमतांमध्ये स्वतंत्र स्थान देणे, हा या आराखड्याचा महत्त्वाचा विशेष होय. संवादकौशल्य, सहकार्य, किंबहुना परानुभूतीदेखील, लोकांना चिथावणाऱ्या नेत्याच्याही उपयोगी पडते. म्हणून मूल्यांचे अधिष्ठान हवे. येथवर मतभेदाचे कारण नाही. अडचण उद्भवते ती पुढे. क्षमता ओळखता यावी म्हणून 447 वर्णनविधाने तयार करण्यात आली आणि त्यांतील निवडक 135 विधानांची प्राथमिक, मध्यम व प्रगत अशी प्रतवारी झाली. ही विधाने विद्यार्थी काय बोलतो, काय करतो याविषयीची आहेत. परंतु मानवी हक्कांची बाजू मांडणे आणि ते हक्क मनोमन मानणे यांत अंतर आहे. ज्याने एकदा तरी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, त्याला हे अंतर समजावून सांगण्याची गरज नाही.

याच परिषदेच्या भाषाविषयक आराखड्याचा (2001) अनुभव येथे लक्षात घ्यावा लागतो. त्यातील सहा पातळ्या अध्यापक आणि अध्ययनार्थी यांच्या सोयीसाठी होत्या. आज जर्मनीत नागरिकत्वासाठी त्यांपैकी ‘बी-1’ ही पातळी सामान्यतः आवश्यक ठरते. उद्या एखाद्या स्थलांतरिताच्या मुलाच्या दाखल्यावर ‘लोकशाही अभिवृत्ती : प्राथमिक’ अशी नोंद झाली, तर तो दोष आराखडाकर्त्यांचा म्हणता येणार नाही, मूल्यमापनात विद्यार्थ्याची प्रतिष्ठा आणि खासगीपणा जपावा, असेच त्यांचे म्हणणे आहे. मात्र त्या नोंदीसाठी लागणारी परिभाषा तयार असेल, ती त्यांच्यामुळेच.

मराठीत ‘क्षमता’ हा शब्द शालेय व्यवहारात रुळला तो 1991 नंतरच्या ‘किमान अध्ययन क्षमतां’मुळे. तेथे निदान वाचन, लेखन, गणित यांचा प्रश्न होता.

आमच्या मते ही विधाने विद्यार्थ्याला न लावता वर्गाला लावावीत. शिक्षकाशी मतभेद व्यक्त करता येतो काय? अल्पसंख्य मताला उत्तर मिळते, की हशा? संपूर्ण शाळेचा विचार करण्याची दिशा आराखड्यातही आहे. तीच प्रधान मानावी. सहा अभिवृत्तींत संदिग्धता सहन करण्याच्या वृत्तीचा समावेश आहे, हे साहित्याच्या अध्यापकाला सुखावणारे आहे. (ध्वनिसिद्धान्त शिकवताना आपण दुसरे काय करतो?) पण कवितेचे दोन अर्थ वर्गात शेजारी शेजारी नांदू शकतात ते परीक्षेत आदर्श उत्तर एकच नसेल तर. तेव्हा प्रथम तपासायची ती आपली प्रश्नपत्रिका.