डाउनहिलची टेप जरा सैल सोडा

डाउनहिल माउंटन बाइक शर्यतीबद्दल आपल्याकडचा समज साधारण असा, की डोंगरमाथ्यावरून सायकल सोडून द्यायची, ब्रेकला शक्यतो हात लावायचा नाही आणि ज्याची छाती मोठी तो जिंकणार. छाती लागतेच. पण विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचलेल्यांपैकी कुणाकडेच धाडसाची वानवा नसते, त्यामुळे निकाल त्यावर लागत नाही. निकाल लागतो तो लाइनवर, म्हणजे दोन्ही बाजूंना टेप लावून आखलेल्या पट्ट्यात चाक नेमके कुठून न्यायचे या निर्णयावर. आणि हा निर्णय घ्यायला जागाच उरू नये अशा बेताने बरेच ट्रॅक हल्ली आखले जातात. यंत्राने कोरलेली वळणे, त्यांना बाहेरून घातलेला मातीचा बांध, मध्ये हातभर गुळगुळीत वाट आणि तिच्यावर ओळीने उड्या. दिसायला देखणे, वेगालाही उत्तम. तक्रार एवढीच, की अशा ट्रॅकवर स्वाराला ठरवायला फारसे काही राहत नाही. आखणाऱ्याने ठरवले ते त्याने निमूटपणे पार पाडायचे. काही मोक्याच्या जागी तरी टेप रुंद लावली पाहिजे, असे मला वाटते, आणि त्यासाठी खेळाच्या इतिहासातच पुरेसा पुरावा आहे.

यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांप्रमाणे डाउनहिलचा ट्रॅक १.५ ते ३.५ किलोमीटर लांबीचा असतो आणि शर्यत २ ते ५ मिनिटांत आटोपते. स्वार एकामागून एक सुटतात, प्रत्येकाची झुंज घड्याळाशी. चूक दुरुस्त करायला दुसरी फेरी नाही. म्हणूनच सायकलवर सराव सुरू होण्याआधी सगळे स्वार ट्रॅक पायी चालून बघतात. ‘ट्रॅक वॉक’ म्हणतात ते हेच. दोन-तीन मिनिटांच्या उतारावर माणसे तीन-तीन तास घालवतात, आणि ते रिकामपण नव्हे. २००९ साली कॅनबेराच्या जागतिक स्पर्धेत ब्रिटनच्या स्टीव्ह पीटने दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिनारला मागे टाकले ते अवघ्या ०.०५ सेकंदाने. वर्षानुवर्षे रौप्यावर समाधान मानलेल्या पीटला विश्वविजेतेपद मिळाले ते पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळाच्या फरकाने. एवढा वेळ एखाद्या वळणात चाक वीतभर आत किंवा बाहेर गेल्याने जातो किंवा मिळतो.

हे नीट समजायला जंगलातला एकच तुकडा जवळून पाहावा. वाट उताराला आडवी जाते, जमीन एका अंगाला कललेली, आणि झाडांची मुळे तिच्यावरून तिरकी पसरलेली. टेप जर पुरेशी रुंद असेल तर इथे निदान तीन पर्याय निघतात. पहिला वरच्या अंगाचा. आधीच थोडा वेग मारून उंच चढायचे. तिथे मुळे विरळ, आणि पुढे खाली वळताना गेलेला वेग उतार परत देतो. दुसरा खालून सरळ जाणारा. अंतर कमी, पण ओल्या मुळावर चाक तिरके पडले की सायकल थेट टेपच्या दिशेने घसरते. मूळ काटकोनात ओलांडायचे, आणि त्या क्षणी ब्रेक लागलेला नको, हा इथला साधा नियम. शिवाय खालून आलेल्याला पुढच्या वळणात आतून शिरावे लागते, म्हणजे तिथे ब्रेक दाबणे आले. तिसरा पर्याय उडी मारून मुळांचा सगळा गुंता ओलांडण्याचा. साधले तर अर्धा सेकंद खिशात, नाही तर शर्यत संपली. चालताना स्वार हा तुकडा वरून बघतो, मग खाली जाऊन उलटा वर बघतो, कारण खालून पाहिल्यावर वेगळेच खड्डे दिसतात. एखादा बुंधा किंवा पांढरा दगड खूण म्हणून धरतो: इथे ब्रेक सोडायचा. सरावाच्या वेळी त्याचा प्रशिक्षक त्याच झाडाशी मोबाइल घेऊन उभा राहतो, या झाडापासून त्या झाडापर्यंत कोणत्या लाइनला किती वेळ लागला ते मोजत. आणि हे गणित रोज बदलते. पहिल्या दिवशी गवत असलेल्या जागी दुसऱ्या दिवशी भुगा होतो, ब्रेक लावून लावून जमिनीला लाटा पडतात, मुळे आणखी वर येतात. कसोटीच्या पाचव्या दिवशीची खेळपट्टी वाचता न येणाऱ्या फलंदाजाची जी गत, तीच पहिल्या दिवशीच्या लाइनला अंतिम फेरीत चिकटून राहणाऱ्या स्वाराची.

वाचनाची ही कला ताकदीवर मात करते, याचे ठळक उदाहरण म्हणजे मिनारच. इटलीतल्या वाल दि सोलेच्या ट्रॅकला ‘ब्लॅक स्नेक’ म्हणतात. खडक आणि मुळांनी भरलेला हा उतार जगातल्या सर्वांत खडबडीत ट्रॅकपैकी मानला जातो. तिथे २०२१ साली मिनार विश्वविजेता झाला तेव्हा त्याचे वय होते ३९, आणि पहिले विजेतेपद त्याने त्याच्या १८ वर्षे आधी, २००३ मध्ये मिळवले होते. ज्या खेळात विशीतल्या पायांचा जोर चालावा असे वाटते, त्यात चाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस नेमका सर्वांत अवघड, सर्वांत जास्त पर्याय देणाऱ्या उतारावर पुढे राहतो, हा योगायोग मानणे कठीण आहे. दुसऱ्या टोकाला १९ वर्षांचा डॅनी हार्ट. २०११ साली स्वित्झर्लंडच्या शाँपेरीत धो धो पावसात, चिखलाने माखलेल्या कड्यावजा उतारावर तो ११.६९९ सेकंदांनी जिंकला. सेकंदाचा हजारावा भाग मोजणाऱ्या खेळात अकरा सेकंद! इतर सगळे जिथे सायकल सावरण्यात गुंतले होते तिथे हा वेग धरून राहू शकेल अशा जागा शोधत गेला. पाय किती चालवले याला किती मोल आहे, हे बघायचे तर ऑस्ट्रियातल्या लिओगांगची २०१५ ची विश्वचषक फेरी आठवावी. अमेरिकेच्या एरन ग्विनची साखळी सुरुवातीलाच तुटली. पुढे एकही पॅडल न मारता तो खाली आला आणि जिंकला. मिळालेला वेग कुठल्या वळणात सांडू द्यायचा नाही, एवढेच त्याच्या हातात होते.

ग्विनचा हा विजय तर गुळगुळीत, बाइक पार्क छापाच्या ट्रॅकवर झाला, मग रुंद टेपचा आग्रह कशाला, असे कुणी विचारेल. रास्त प्रश्न आहे. अशा ट्रॅकवरही कौशल्य लागते, हे मान्यच. पण ते अंमलबजावणीचे कौशल्य. सगळे त्याच लाइनने जाणार, त्यातला एक ती अधिक नेटकेपणाने जाणार. खुद्द लिओगांगला हे अपुरे वाटले असावे. २०२० च्या जागतिक स्पर्धेसाठी तिथे जंगलातला एक नवा, उभा, मुळांनी भरलेला टप्पा घातला गेला. ऑक्टोबरच्या पावसाने त्याचा चिखल झाला, भलेभले घसरले, आणि स्कॉटलंडचा रीस विल्सन व स्वित्झर्लंडची कामिल बालांश असे दोन नवे विश्वविजेते मिळाले. त्या एका टप्प्यामुळे लिओगांगची चर्चाच बदलली. आधी ज्या ट्रॅकला स्वार नाके मुरडत, त्याच्याबद्दल लाइन कोणती यावर वाद होऊ लागले. सगळाच ट्रॅक असा असावा असे मात्र मी म्हणणार नाही. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमला २.८ किलोमीटरच्या ट्रॅकच्या शेवटी मोठमोठ्या उड्यांचा जो पट्टा येतो, तिथे निवड जवळपास नसतेच; वरच्या खडकाळ माळावर आणि झाडीत हात भरून आलेले स्वार तिथे वेग टिकवतात का, एवढाच प्रश्न असतो, आणि हजारोंची गर्दी तेवढ्यासाठी उभी राहते. त्या उड्यांना वजन येते ते वर झालेल्या दमछाकीमुळे.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे. पर्याय दिले की कुणीतरी वेडा धोका पत्करणार. २००८ मध्ये वाल दि सोलेलाच ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल सगळ्यांच्या बराच पुढे असताना शेवटाजवळच्या एका वळणात घसरला, आणि सोने ब्रिटनच्या जी ॲथर्टनला गेले. (घसरूनही हिल तिसरा आला, हे वेगळे सांगायला हवे.) पण अरुंद टेपने धोका जातो असे नाही. एकच उडी, एकच वाट असेल तर ती न झेपणाऱ्यालाही तीच घ्यावी लागते. शिवाय सगळ्यांचे ब्रेक एकाच जागी लागत असल्याने तिथली जमीन दिवसभरात खड्ड्यांची होते. रुंद पट्ट्यात सावध माणसाला सावध वाट मिळते, थोडा वेळ जातो इतकेच. धोका खरोखर टाळायचा तर टेपच्या पलीकडचे झाड, खडक, दरीची कड यांचा विचार आधी व्हायला हवा, आणि तो आखणीच्या टप्प्यावरच होतो.

दूरचित्रवाणीचा आक्षेप मला तितका पटत नाही. प्रेक्षकाला लाइनमधले कळत नाही, त्याला उड्या हव्यात, असे म्हटले जाते. पण याच खेळाने उत्तर शोधून ठेवले आहे. माजी स्वार आणि ट्रॅक बांधणारा क्लाउडिओ कालुओरी हेल्मेटला कॅमेरा लावून विश्वचषकाचे ट्रॅक उतरायचा आणि धापा टाकत, ओरडत प्रत्येक वळण समजावून सांगायचा. ज्यांनी आयुष्यात असली सायकल हातात धरली नाही, तेही ते आवडीने बघत. दोन स्वारांची धाव पडद्यावर एकावर एक ठेवून दाखवली, तर कोण वरून गेला आणि त्याला पुढे काय मिळाले हे शाळकरी पोरालाही दिसते. निवड दाखवायची तर आधी ती ट्रॅकवर असावी लागते, हा मुद्दा प्रक्षेपणवाल्यांच्या नजरेतून सुटतो.

राहिला निसर्गाचा मुद्दा, आणि इथे मात्र मला माघार घ्यावी लागते. टेप जेवढी रुंद तेवढी जास्त जमीन चाकाखाली उकरली जाणार. उभ्या उतारावर ती पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जाते. म्हणून सगळीकडे रुंदी मागणे बेजबाबदारपणाचे ठरेल. जिथे खडक आहे, मुळांनी माती धरली आहे, अशा तीन-चार जागा निवडून तिथेच टेप सोडावी. शर्यतीनंतर तो भाग बंद ठेवून त्याला सावरायला वेळ द्यावा. हवामानामुळे एखाद्यावर अन्याय होतो, ही तक्रारही मी ऐकून सोडून देईन, कारण पाऊस अरुंद ट्रॅकवरही पडतो.

आपल्याकडे हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. २०२३ ची आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली, आणि पश्चिम घाटाच्या आपल्या बाजूलाही असे उतार शोधणारे सायकलस्वार आहेत. चार महिन्यांचा पाऊस झेलणाऱ्या सह्याद्रीत माती उघडी पाडण्याचा खर्च युरोपपेक्षा जास्त, त्यामुळे इथे खडकाळ सोंडा आणि दगडी पायऱ्यांसारखे उतारच शर्यतीला सोयीचे. ज्या कुणाला ट्रॅक आखायचा असेल त्याने जेसीबी बोलावण्याआधी दोन अनुभवी स्वारांना तो उतार वेगवेगळा चालायला लावावा, आणि दोघांनी जिथे निराळी वाट दाखवली त्या जागेला यंत्र लावू नये.