प्राथमिक आरोग्य सेवेची गुणवत्ता : महिलांचे मत का महत्त्वाचे?

आपल्या गावातील उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचा सर्वाधिक वापर महिला करतात. गरोदरपणातील तपासणी, प्रसूती, बाळाचे लसीकरण, कुटुंब नियोजन अशा प्रत्येक कामासाठी त्यांना तेथे जावे लागते. म्हणून सेवा कशी आहे, हे त्यांच्याइतके दुसरे कोणी सांगू शकत नाही.

आकडे काय सांगतात?

• राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ८८.६ टक्के झाले.
• मात्र गरोदरपणात किमान चार वेळा तपासणी झालेल्या मातांचे प्रमाण २०१९-२१ मध्ये सुमारे ५८ टक्केच होते.

म्हणजे महिला प्रसूतीसाठी दवाखान्यात पोहोचतात, पण त्याआधीची नियमित सेवा अनेकींना पूर्ण मिळत नाही. शिवाय तेथे त्यांच्याशी कसे वागले जाते, हे या आकड्यांत दिसत नाही.

महिलांच्या दृष्टीने गुणवत्ता म्हणजे काय?

इमारत आणि रंगरंगोटी यापेक्षा साध्या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. तपासणीच्या वेळी पडदा आहे का? आरोग्य सेविका जागेवर भेटते का? औषध केंद्रातच मिळते, की बाहेरून आणायला सांगतात? प्रसूतीच्या वेळी कोणी रागावते का? एकदा अपमान झाला, तर ती महिला पुढच्या तपासणीला येत नाही. शेजारणीलाही जाऊ नको म्हणते.

शासनाची व्यवस्था

• राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांमध्ये रुग्णांचे हक्क हा स्वतंत्र विभाग आहे. गोपनीयता आणि सन्मानाची वागणूक त्यात येते.
• २०१७ मध्ये सुरू झालेला ‘लक्ष्य’ उपक्रम प्रसूतिगृहातील सेवा सुधारण्यासाठी आहे.
• ‘मेरा अस्पताल’ या उपक्रमात रुग्णांचा अभिप्राय एसएमएस, फोन, ॲप व संकेतस्थळावरून घेतला जातो.

येथे एक अडचण आहे. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात स्वतः वापरत असलेला मोबाईल सुमारे ५४ टक्के महिलांकडेच होता. केंद्रात पतीचा क्रमांक नोंदवला असेल, तर अभिप्रायाचा संदेश त्यांच्याकडे जातो आणि जिने सेवा घेतली तिचे मत नोंदलेच जात नाही. त्यामुळे केवळ मोबाईलवर विसंबून चालणार नाही. समोरासमोर विचारणेही आवश्यक आहे.

तुम्ही काय करू शकता?

• जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत सरकारी संस्थेत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, आहार व ने-आण करणारे वाहन मोफत आहे. कोणी पैसे मागितल्यास तक्रार करा.
• नोंदणी करताना शक्य असल्यास स्वतःचा क्रमांक द्या.
• ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती तसेच आयुष्मान आरोग्य मंदिराची जन आरोग्य समिती यांच्या बैठकीत आपला अनुभव मांडा. एकटीने बोलणे अवघड वाटत असेल, तर बचत गटातील मैत्रिणींना किंवा आशाताईंना सोबत घ्या.

तुम्ही सांगितलेली अडचण बैठकीच्या इतिवृत्तात लिहिली गेली का, हे अवश्य पाहा. नोंद झाली, तरच पुढच्या बैठकीत त्याचा जाब विचारता येतो.