फॉरवर्डच्या भरवशावर दुकान चालवू नका

सेटिंग व्हिडिओत दाखवलंय, इथे फक्त माझं मत सांगतो.

३ सप्टेंबर २०२५. लालबागला ऐन गणपतीची गर्दी. त्या रात्री पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के जाहीर झाला. सकाळी ग्रुपवर फॉरवर्ड आला, ‘आजपासून लागू’. मी दोन दिवस चिवड्याची बिलं ५ टक्क्यांनी केली. नवा दर होता २२ सप्टेंबरपासून! फरक माझ्या खिशातून गेला. खरी तारीख सरकारच्या पीआयबी साइटवर होती, पण तिथे रोज कोण जाऊन बघणार?

यासाठीच फीड रीडर. तो आपल्या पेपरवाल्यासारखा: तुम्ही सांगाल तेच पेपर दारात टाकतो, मधे कोणी निवड करत नाही.

फीडली किंवा इनोरीडरवर फुकट खातं उघडा. साइटच्या आरएसएस फीडची लिंक टाका, फॉलो करा. पीआयबी आणि रिझर्व्ह बँकेचे फीड आहेत. यूट्यूब चॅनलही जोडता येतं.

लोक म्हणतात, गूगल रीडर २०१३ मध्येच बंद झालं, आता हे जुनं झालं. अहो, पॉडकास्ट आजही आरएसएसवरच चालतात! आणि एक रीडर बंद पडला तरी आपली यादी फाइलमध्ये काढून दुसरीकडे नेता येते.

सुरुवातीला पाचच फीड घ्या. पन्नास घेतलेत तर तोही व्हॉट्सअॅप ग्रुपच होईल. सकाळी शटर उघडल्यावर दहा मिनिटं वाचा, मग गल्ल्यावर बसा.