याला भाव नाही

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मागचे दोन वीकेंड रिलीजने खाल्ले. त्यामुळे या रविवारी आईने आवराआवरीला बसवलं तेव्हा पळायला कारणच उरलं नव्हतं. माझ्या वाट्याला आला टीव्हीखालचा ड्रॉवर. असा एक ड्रॉवर प्रत्येक घरात असतोच. कशाचे ते कुणालाच आठवत नाही असे चार्जर, मेलेले सेल, दोन जुने मोबाईल (एकाची बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलेलं), आजोबांच्या गोळ्यांची अर्धी पाकिटं, पाऱ्याचा थर्मामीटर आणि एक सीएफएल दिवा. तो चालू आहे की गेलाय हे बघायला गेल्या कित्येक वर्षांत कुणालाच वेळ मिळाला नव्हता.

तेवढ्यात खाली भंगारवाल्याची आरोळी आली. म्हटलं, चला, काम झालं! त्यांना वर बोलावलं. रद्दी तोलली, फुटक्या कुकरचा भाव ठरला, चार्जरच्या वायरी त्यातल्या तांब्यासाठी घेतल्या, एक मोबाईलही घेतला. आणि मग त्यांनी हाताने एक छोटा ढीग बाजूला सारला. सेल, फुगलेला मोबाईल, गोळ्या, थर्मामीटर, दिवा.

"याला भाव नाही, दादा."

बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "मग दे घंटागाडीत टाकून."

मी टाकणारही होतो. पण ते वाक्य डोक्यात अडकलं. आपल्याकडे काहीच वाया जात नाही असं आपण फार अभिमानाने सांगतो. साडीची गोधडी होते, हॉर्लिक्सच्या बाटलीत शेंगदाण्याचा कूट राहतो, रद्दीचे पैसे येतात. सगळं खरं आहे. पण नीट बघितलं तर ही सवय जिथे भाव संपतो तिथेच संपते. ज्याला भाव आहे ते आपण जपून ठेवतो. ज्याला नाही ते भाजीच्या देठांसोबत एकाच पिशवीत. आणि नेमक्या धोक्याच्या वस्तू या दुसऱ्या गटात आहेत.

आपल्या गावाला तरी हे शिकवायची गरज पडू नये. २०१८ मध्ये मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. तेव्हाच्या औरंगाबादचा सगळा कचरा तीसेक वर्षं न निवडता नारेगावला जात होता. फेब्रुवारीत तिथल्या आणि आसपासच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि सांगितलं, आता बस. नंतर हायकोर्टानेही नारेगावात कचरा टाकायला मनाई केली. महिना-दोन महिने शहराच्या चौकाचौकांत ढीग. पेपरवाल्यांनी नाव दिलं 'कचराकोंडी'. ७ मार्चला गाड्या मिटमिट्याकडे वळवल्या तर तिथे दगडफेक, जाळपोळ, लाठीमार. प्रकरण विधानसभेत गेलं, पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवावं लागलं. कचऱ्यावरून! आम्ही कॉलेजला जाताना नाकाला रुमाल लावायचो आणि महापालिकेला शिव्या द्यायचो. नारेगावची पोरं तोच वास लहानपणापासून घेत होती हे आमच्या टाळक्यात एकदाही आलं नाही. जावामध्ये गार्बेज कलेक्टर असतो, तुम्ही ऑब्जेक्ट सोडून द्या, मागे कुणीतरी साफ करतं. आम्ही शहरही तसंच चालतं असं समजत होतो.

पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथे प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. चांगलंच झालं. पण केंद्रावरही पिशवी शेवटी कुणाच्या तरी हातानेच उघडते.

त्या हाताची गोष्ट सांगायलाच हवी. मागच्या वर्षी माझ्याकडून ग्लास फुटला. रात्रीची वेळ, दुसऱ्या दिवशी डेमो. काचा गोळा केल्या आणि ओल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकून गाठ मारली. दोन दिवसांनी घंटागाडीवरच्या मावशींच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली. म्हटलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "काच वेगळी बांधत जा की दादा, पेपरात." आवाज चढवला नाही. ती काच माझीच होती हे त्यांना माहीत होतं की नाही, मला विचारायची हिंमत झाली नाही. मीही काही बोललो नाही. आता इथे लिहितोय.

तर तो ढीग. सेल आणि फुगलेली बॅटरी कचऱ्यात अजिबात नको. लिथियमची बॅटरी गाडीत दाबली गेली, फुटली, तर आग लागते. तोंडांना चिकटपट्टी लावून वेगळी ठेवायची, टोचायची नाही, 'एकदा चार्ज करून बघू' तर मुळीच नाही. जुना माल परत घ्यायची जबाबदारी कंपन्यांवर २०११ च्या ई-कचरा नियमांपासून आहे. आपण मागत नाही, ते सांगत नाहीत. मी एका सर्व्हिस सेंटरवर फोन नेला तर पहिला प्रश्न, "एक्स्चेंज करायचाय का?" शेजारच्या काउंटरवरच्या मुलीने मागे ठेवलेला डबा दाखवला. होता की डबा! फक्त खुर्चीमागे. सीएफएलमध्ये थोडा पारा असतो, म्हणून तो न फोडता पुठ्ठ्यात गुंडाळून ई-कचरा घेणाऱ्याकडे. (प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकृत लोकांची यादी असते.)

गोळ्यांचं जास्त अवघड. संडासात टाकू नका, ते पाण्यात जातं. केरळने २०२५ मध्ये कोळिकोडला घरातली जुनी औषधं गोळा करायला सुरुवात केली. आपल्या गल्लीत तशी सोय येईपर्यंत मी गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवल्या, डब्यात बंद केल्या आणि पाकिटं कातरली. आदर्श उपाय नाही, पण कुणी उचलून परत विकणार तरी नाही.

आता माझं मत. लोकांना उपदेश करून हे होणार नाही. मला स्वतःला रक्त बघितल्यावर अक्कल आली. भाव नसेल तर भाव लावावा लागेल. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कधी रस्त्यावर पडलेली बघितलीय? नाही, कारण ती दिली की नवीनचे पैसे कमी होतात. नीलगिरीत २०२२ मध्ये सरकारी दारूच्या दुकानांत बाटलीमागे १० रुपये जास्त घ्यायला सुरुवात झाली, रिकामी बाटली आणली की परत. उद्देश काय, तर जंगलात काचा पडू नयेत. आपल्या सरकारने २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत द्यायचं लिहिलं होतं. आमच्या दूधवाल्याला सांगितलं तर तो नुसता हसला. सेलच्या पाकिटावर १० रुपये जास्त घ्या, मी देतो. माझे बाबा ते परत आणायला पुंडलिकनगरपासून कॅनॉटपर्यंत चालत जातील, याची खात्री देतो :-)

थर्मामीटर मात्र अजून घरातच आहे. (फुटला तर झाडू मारायचा नाही. खिडक्या उघडायच्या, जाड कागदाच्या कडेने पारा गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरायचा.) तो कुठे द्यायचा ते दोन ठिकाणी विचारलंय, उत्तर आलेलं नाही. तोवर आईने कापसात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलाय आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवलीय, 'टाकू नये'.