हिरव्या पाटीचा हिशेब

लोणावळ्यातल्या एका व्याख्यानात परवा एका विद्वानांनी विजेच्या गाडीची आरती ओवाळली. सार एवढेच: धूर नाही म्हणून पाप नाही, खाणी फार लांब आहेत, आणि त्यांच्याबद्दल बोलणारे पेट्रोलवाल्यांचे हस्तक. टाळ्याही पडल्या.

हस्तकाचे मानधन मला अजून पोचलेले नाही, तेव्हा तो मुद्दा सोडतो. ‘बॅटरीत आता कोबाल्ट नसतोच’ हे त्यांचे म्हणणेही अर्धेच खरे. काही बॅटऱ्यांत नसतो. लिथियम, ग्राफाइट, तांबे त्यांनाही लागतेच.

डाचते ते ‘लांब’. मावळात उभे राहून हे बोलायला धाडस लागते! खोपोलीचे वीजघर 1915 साली सुरू झाले. त्यासाठी वळवणला इंद्रायणी अडवली आणि पूर्वेला जाणारे पाणी नळांतून घाटाखाली पश्चिमेला उतरवले. मग आंद्रा खोऱ्याची पाळी: ठोकळवाडीला धरण, भिवपुरीला वीज. शेजारच्या मुळशीत 1921 साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, धरण झालेच. कोळसा नाही, धूर नाही, वीज अगदी स्वच्छ. ती मुंबईच्या गिरण्यांना गेली, आणि गिरणीमालकांना बुडालेली गावे लांबच होती. विरोध करणारे तेव्हाही प्रगतीचे शत्रूच ठरले; शंभर वर्षांत शिवीसुद्धा नवी सुचलेली नाही. आज कांगोतल्या कोल्वेझीत हाताने कोबाल्ट खणणारे लांब, अटाकामात लिथियमपायी पाणी गमावण्याच्या धास्तीने भांडणारी गावे त्याहून लांब. 2023 मध्ये जम्मूच्या रियासीत लिथियम सापडल्याचे जाहीर झाले, तेव्हा आपण नाचलो. तिथल्या गावकऱ्यांना कुणी विचारले?

रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर पाहा. हिरव्या नंबरपाटीची, म्हणजे विजेची, अवजड गाडी, आत दोन माणसे आणि चिक्कीचा पुडा, काचा वर, एसी चालू. तिच्यात पेट्रोलगाडीच्या दुपटीहून जास्त तांबे. कोंडी मात्र तेवढीच.

‘मग काय कोळसा जाळायचा?’ नाही हो. पुणे-लोणावळा लोकल विजेवरच धावते. तिच्या फेऱ्या वाढवा. एसटीला विजेच्या बस द्या. जुन्या बॅटऱ्यांतला धातू परत काढण्याचे 2022 चे नियम आहेत, ते पाळायला लावा. गाडी घ्यायचीच तर लहान घ्या.

आणि शिरवता, भिवपुरी इथे पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणाऱ्या 2800 मेगावॉटच्या प्रकल्पांचा करार 2023 मध्येच झाला आहे. मावळकरांनो, त्याच्या कागदांत पाण्याचे आणि जंगलाचे पान आधी उघडा.